बाबांच्या टीव्हीसाठी छोटा संगणक निवडताना

साताऱ्याच्या घरातील ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे चित्र आजही उत्तम आहे, परंतु त्यातील ॲप्स अद्ययावत होणे थांबल्यापासून यूट्यूब उघडायलाही बराच वेळ लागू लागला होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांना मोबाइलवर फार वेळ वाचवत नाही, त्यामुळे कीर्तने ऐकणे आणि मराठी विश्वकोशातील नोंदी वाचणे, ही दोन्ही कामे टीव्हीवरच व्हावीत, अशी त्यांची इच्छा होती. नवा टीव्ही घेण्याऐवजी त्याला छोटा संगणक जोडायचा, असे मी ठरवले आणि वायरलेस कीबोर्ड धरून १२ हजार रुपयांची मर्यादा घातली.

सुरुवातीला रास्पबेरी पाय ५ हा एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला संगणक मनात होता. मात्र बोर्डाची किंमत ही केवळ सुरुवात असते. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा चार्जर, पेटी, पंखा, मेमरी कार्ड आणि मायक्रो एचडीएमआय केबल लागते. शिवाय यूट्यूब ज्या व्हीपी९ स्वरूपात बरेचसे व्हिडिओ पाठवते, ते उलगडणारी स्वतंत्र यंत्रणा त्याच्या चिपमध्ये नाही, म्हणजे तो सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. इंटेल एन१०० चिपचे नवे मिनी पीसी या कामाला फारच योग्य आहेत, पण ते आमच्या मर्यादेबाहेर जात होते. उरला तो कार्यालयांतून बाहेर पडलेला, पुस्तकाएवढा, वापरलेला संगणक.

तो शोधायला मी पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दुकानात मला ‘आय फाइव्ह’ म्हणून जो संच दाखवला, तो चालू करून पाहिला तेव्हा चौथ्या पिढीचा निघाला. आय फाइव्ह हे नाव पुरेसे नसते, त्यापुढील आकडा पाहावा लागतो: ४५९० म्हणजे चौथी पिढी, ७५०० म्हणजे सातवी. व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओचे आणखी एक स्वरूप) हे दोन्ही चिपमधील स्वतंत्र यंत्रणेतच पूर्णपणे उलगडण्याची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. त्यामुळे मुख्य प्रोसेसर कमी तापतो, आणि शांत खोलीत कीर्तन ऐकताना पंखा घोंघावू नये, यासाठी मला तीच हवी होती. दुसऱ्या दुकानात आय फाइव्ह ७५००टी, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला संच ९,५०० रुपयांना मिळाला. तिथेच वीस मिनिटे पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालवून, पंख्याजवळ कान नेऊन ऐकले आणि मगच पैसे दिले. त्याला एचडीएमआय नव्हते, केवळ डिस्प्लेपोर्ट हे चित्र बाहेर पाठवणारे दुसऱ्या प्रकारचे सॉकेट होते. त्यासाठीचा जोड वेगळा घ्यावा लागला, आवाजही त्यातूनच टीव्हीपर्यंत जातो.

सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवली.

खरा वेळ गेला तो अक्षरांवर. पहिल्या दिवशी पडद्याच्या कडा कापल्या जात होत्या आणि वेलांट्या, अनुस्वार पुसट दिसत होते. टीव्ही येणारे चित्र किंचित ताणून दाखवत होता. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, म्हणजे चित्र न ताणता दाखवण्याचा पर्याय, निवडल्यावर कडा परत आल्या. तरीही रंगीत दुव्यांची अक्षरे फिसकटलेली राहिली, कारण अनेक टीव्ही रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने हाताळतात. संगणक जोडलेल्या एचडीएमआय इनपुटचे नाव बदलून ‘पीसी’ ठेवताच अक्षरे लख्ख झाली. केवळ नाव बदलून एवढा फरक पडेल, असे मला वाटले नव्हते, पण आमच्या टीव्हीत त्या नावासोबत चित्रावरील सगळी प्रक्रियाच बदलते.

त्यानंतर आकाराचा हिशेब केला. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते आणि तिच्यात १,९२० बिंदू (पिक्सेल) बसतात, म्हणजे एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा. बाबांची खुर्ची नऊ फुटांवर आहे आणि तेवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्यालाही पाऊण मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. एक-दोन बिंदूंचा अनुस्वार तिथून कसा दिसणार? ब्राउझरमधील मजकूर १७५ टक्के मोठा केला आणि बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवून ‘चिता’ आणि ‘चिंता’ हे दोन्ही शब्द वाचायला सांगितले. त्यांनी ते अडखळल्याशिवाय वाचले, तेव्हा ते प्रमाण कायम केले.

टीव्हीच्या रिमोटने हा संगणक चालू होत नाही. म्हणून त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय लावली. आता बाबा भिंतीवरचे बटण दाबतात आणि टीव्ही लागेपर्यंत विश्वकोश समोर आलेला असतो. बंद करताना मात्र आधी कीबोर्डवरून संगणक बंद करायचा आणि मगच भिंतीवरचे बटण, हा क्रम मी मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी चिकटवला आहे.