अण्णांचे दिवे का उतरवले?

आमच्या गंगापूर रोडच्या घरावरून सकाळी फिरायला जाणारी मंडळी, दिवाळीला माहेरी येणाऱ्या माझ्या दोन्ही नणंदा, पुण्याचे धाकटे दीर आणि सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, हयात असलेले मित्र या सर्वांचा मला एकच प्रश्न असतो: फाटकाच्या खांबांवरचे आणि पोर्चमधले ते पितळी दिवे का काढले? वायरिंग खराब झाले होते तर वायरिंग बदलायचे, दिव्यांनी काय बिघडवले होते? विचारणारा एकदा नव्या गोल पांढऱ्या दिव्यांकडे पाहतो, एकदा माझ्याकडे पाहतो, आणि ‘सुनेने काढले’ हे शब्द कोणी उच्चारले नाहीत तरी मला ऐकू येतात. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. तोंडी सांगून मी दमले आहे.

ते दिवे अण्णांनी स्वतः कागदावर आकृती काढून जुन्या नाशकातल्या तांबटाकडून करून घेतले होते, ही हकीकत तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. ते सुंदर होते याबद्दल माझा वाद नाही. ज्या उन्हाळ्यात कंपाउंडच्या भिंतीचे प्लास्टर नव्याने केले, तेव्हा ठेकेदाराने ‘हे जुने दिवे याच खर्चात बदलून टाकू’ असे सुचवले होते आणि त्याला थांबवणारी मीच होते. घर दुरुस्त करायचे म्हणजे घराचा चेहरा पुसायचा नव्हे, असे मी त्याला बऱ्यापैकी तावातावाने सांगितले होते. त्या वेळच्या माझ्या म्हणण्यात काही खोट होती असे मला आजही वाटत नाही, आणि म्हणूनच तुमच्या प्रश्नाने मी चिडते; तो प्रश्न मी स्वतःला तुमच्या आधी विचारलेला आहे.

त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. पावसाची झड चार-पाच दिवस तुटली नव्हती, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला होता आणि दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते पाहायला घरातली पुरुषमंडळी गोदाकाठी गेली होती. घरात मी एकटी होते. दिवेलागणीला मी पोर्चमधले बटण दाबून बाहेरचे दिवे लावले आणि आत वळले. थोड्या वेळाने फाटकाशी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिले तर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी फाटकाबाहेर उभ्या होत्या, छत्री खाली पडलेली होती आणि उजवा हात कडीवर होता. मी ‘या ना’ म्हणून हाक मारली. त्या हलल्या नाहीत. तोंड उघडे होते, पण आवाज येत नव्हता, आणि कडी धरलेला हात कोपरापर्यंत बारीक थरथरत होता. माणूस कडी उघडायला धरतो तशी ती पकड नव्हती.

मी धावत बाहेर आले ती थेट फाटकाकडे, आणि पोर्चच्या पायरीवर थबकले. का थबकले हे मला सांगता येत नाही. अनवाणी होते, पायाखाली पाणी होते, बहुधा तेवढेच जाणवले असावे. परत फिरून मीटरच्या पेटीतला लोखंडी मेन स्विच खाली ओढला. त्याची मूठ घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. सगळे अंधारले आणि त्या अंधारात मावशी पडल्याचा आवाज आला.

त्या शुद्धीवर होत्या. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेताना त्या एकसारखे एकच सांगत होत्या: “ताई, मी दिव्याला हात नाही लावला हो, नुसतं फाटक उघडत होते.” जणू खुलासा त्यांनी द्यायचा होता. ईसीजी काढला, रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. बोटांच्या आतल्या बाजूला, जिथे कडी टेकली होती तिथे, दोन लहान पांढरट खुणा होत्या. त्या आजही आमच्याकडेच काम करतात. मात्र फाटक उघडायला त्यांनी अनेक महिने हात लावला नाही. बाहेरून हाक मारत, आणि मी जाऊन उघडत असे.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मेन चालू केला, दिव्यांचे बटण बंद ठेवले आणि टेस्टरचे टोक फाटकाच्या कडीला लावले. टेस्टर पेटला. बटण बंद असताना फाटकात वीज होती. कारण जोडणी करताना कोणीतरी बटण फेजवर, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर, न बसवता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवले होते. बटण बंद केले की दिवा विझत असे, पण फेज दिव्यापर्यंत अखंड पोचलेलीच राहत असे. इतकी वर्षे आम्ही त्याच भरवशावर बटण बंद करून, स्टुलावर चढून बल्ब बदलत आलो होतो.

फेज फाटकात आली कशी, तर वायर खांबाच्या आत लोखंडी नळीतून वर गेलेली होती आणि फाटकाच्या बिजागरीचा होल्डफास्ट, म्हणजे खांबात रोवलेली लोखंडी पट्टी, आत त्याच नळीला टेकलेला होता. वायर जुन्या पद्धतीची, तांब्यावर रबर आणि त्यावर डांबरात भिजवलेली सुती वेणी असलेली. वायरमनने ती ओढली तेव्हा रबर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे गळून पडले. पावसाने नळीत पाणी साठले होते. त्याने मेगर लावला. असे यंत्र ५०० व्होल्ट देऊन वायरचे आवरण किती शाबूत आहे ते मोजते आणि निदान एक मेगओहम तरी दिसावा लागतो. काटा शून्यावर गेला.

आता पुन्हा पुन्हा ऐकावा लागणारा आक्षेप: फ्यूज कसा उडाला नाही? फ्यूजची तार जास्त प्रवाहाने वितळते. माणसाला लागणाऱ्या प्रवाहाने तिला काही होत नाही. दिव्यांच्या लाइनवर ५ अँपिअरची तार होती. माणसाची बोटे आखडून पकड सुटेनाशी व्हायला त्याचे काही सहस्रांश पुरतात. मग अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी तार, असते तर, असे दीर विचारतात. अर्थिंग नव्हते हे खरेच. दिव्यांना दोनच वायरी होत्या. परंतु आमच्या अंगणासारख्या मुरमाच्या जमिनीत, जिथे खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर पाणी ओतत राहावे लागते, तिथे अर्थचा रोध ४६ ओहम भरला तरी २३० व्होल्टला जेमतेम ५ अँपिअर वाहतील, आणि तेवढ्याने फ्यूज उडेल याची खात्री नाही. फाटक तसेच जिवंत राहिले असते. म्हणून आता बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून आपोआप बंद होणारा स्विच, आहे. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. धक्का तोही टाळत नाही, फक्त आखूड करतो.

एवढे ऐकल्यावर वन्सं म्हणतात, “मग आता तर सगळं नीट झालं ना? लाव की अण्णांचे दिवे परत.” दीरही तेच म्हणतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरेचसे बरोबर आहेत. वायरमननेही नाही म्हटले नव्हते. दिव्याच्या मानेतली नळी इतकी अरुंद आहे की तीन तारांची जाड केबल तिच्यातून जात नाही; ती मोठी करायची, पितळेची धार केबलला कापू नये म्हणून रबरी कडे बसवायचे, अर्थसाठी आत टोक झाळून घ्यायचे आणि सहाही काचांना गॅस्केट लावायचे. “करता येईल ताई,” तो म्हणाला, “पण दर पावसाळ्याआधी उघडून बघावं लागेल.” मी विचारले, कोण बघणार? त्याने खांदे उडवले. दीर पुण्यात, मुलगी बेंगळुरूला, आणि आम्ही दोघे साठी ओलांडलेले. माझे उत्तर मुळात एवढेच आहे, आणि ते दिव्यांविषयी कमी व आमच्याविषयी अधिक आहे.

ज्या गोष्टीमुळे हे लिहायला मी इतकी टाळाटाळ केली ती अशी. फाटकाच्या कडीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असे, हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. अण्णा स्वतः गुंडाळत. प्लास्टरच्या वेळी फाटक रंगवले तेव्हा रंगाऱ्याने ती कापून टाकली. रात्री फाटक वाजू नये म्हणून ती आहे, असेच आम्ही समजत होतो. वायरमनने कडीखाली रबराचे काळे डाग पाहिले आणि विचारले, “इथं रबर होतं का? कोणी लावलं होतं?” मी उत्तर दिले नाही. अण्णा ती पट्टी दर वर्षी मृग लागण्याआधी बदलत असत. उन्हात रबर तडकते म्हणून बदलत असतील. पण ते दिवाळीतही बदलता आले असते. फाटकाला हात लावला की हाताला मुंग्या येतात हे त्यांना जाणवले होते का? जाणवले असेल तर ते कोणालाच का बोलले नाहीत, आणि आपल्या हातचे दिवे उतरवण्यापेक्षा त्यांना पट्टी गुंडाळणे सोपे वाटले का? यांचे म्हणणे, आवाजासाठीच होती, उगाच काही काढू नकोस. असेलही. अण्णांसारख्या हिशेबी माणसाने जाणूनबुजून असे केले असेल हे मलाही पटत नाही, आणि नेमका मृगाआधीचा मुहूर्त मला विसरताही येत नाही. वन्सं, हे वाचून तुम्ही रागवाल, पण ‘सुनेला वडिलांच्या वस्तूंची किंमत नाही’ हे ऐकून घेताना मी याबद्दल गप्प राहिले, एवढे लक्षात घ्या.

नवे दिवे कुरूप आहेत, हे मान्य. पॉलिकार्बोनेटचे, आयपी ६५ दर्जाचे. म्हणजे आत धूळ शिरत नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालतो. पहिले बसवले ते इतके पांढरेफटक होते की अंगण दवाखान्यासारखे दिसू लागले. मग ३००० केल्विनचे, पिवळसर प्रकाशाचे आणले. फाटकापर्यंत आता जमिनीखालून आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, केबल आहे, आणि लोखंडी नळी रिकामी करून दोन्हीकडून बुजवली आहे. आरसीसीबीचे टेस्ट बटण मी अधूनमधून दाबते. बाहेरचे दिवे गेले की शेजारच्या काकू ‘लाइट गेले का हो?’ म्हणून विचारतात.

पितळी दिवे चिंचेने घासून माळ्यावर ठेवले आहेत. दिरांना त्यातला एक पुण्याच्या बाल्कनीत लावायचा आहे. भाऊजी, अवश्य न्या. होल्डर आणि आतली वायर मात्र मी काढूनच देईन, आणि बाल्कनीत पावसाची झड येते की नाही हे मला आधी कळवा.