फॉलोअर वाढावेत, पण पत जाऊ नये

टेरी टॉवेलच्या गुणवत्ता तपासणीचे काम सांभाळून मी लिंक्डइनवर नियमित लिहितो, आणि त्यामुळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतले (एमआयडीसी) तरुण सहकारी मला एक प्रश्न वारंवार विचारतात : वाचक वाढवायचे असतील, तर थोडे चढवून लिहावेच लागते ना? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. मुंबईच्या निर्यातदारापर्यंत किंवा परदेशातल्या खरेदीदारापर्यंत पोहोचायला प्रदर्शनातला स्टॉल नाहीतर दलाल याखेरीज फारसा मार्ग नसलेल्या सोलापूरच्या छोट्या कारखानदाराला आणि तिथल्या तंत्रज्ञाला घरबसल्या वाचक मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. ती नाकारून ‘मी माझ्यापुरते खरे लिहीन, कोणी वाचो न वाचो’ असे म्हणणे मला पटत नाही. खरे लिहिणाऱ्यांनी वाचक मिळवण्याची मेहनत टाळली, तर ती जागा अर्धवट माहितीवर लिहिणारे घेतात. मात्र पोस्टची मांडणी किती बदलायची आणि तिच्यातला दावा किती ताणायचा, हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि बहुतेकांची गफलत ते एकत्र केल्यामुळे होते.

मांडणीच्या बाबतीत मी बराच सैल आहे. लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०२० सालीच उघडपणे लिहिले होते की, फीडमध्ये कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना लाइक आणि कमेंट यांच्याबरोबर वाचक त्या पोस्टवर किती वेळ थांबतो हेही विचारात घेतले जाते. कारण बरेचसे लोक वाचतात, पण कुठेही बोट लावत नाहीत, आणि नुसत्या क्लिकवरून मजकूर आवडला की नाही हे कळत नाही. शिवाय पोस्टच्या पहिल्या काही ओळीच समोर दिसतात आणि उरलेला मजकूर वाचकाने उघडावा लागतो. तेव्हा पहिली ओळ नेमकी करणे, परिच्छेद लहान ठेवणे, कारखान्यातल्या स्वच्छ छायाचित्राचा पुरावा जोडणे आणि वाचकाला सवड असते त्या वेळी पोस्ट टाकणे यात अप्रामाणिक काहीही नाही. खरी कसोटी पुढे, मजकुरात लागते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. नवा टॉवेल दुकानात हाताला अतिशय मऊ लागतो आणि घरी आणल्यावर पहिले काही दिवस अंगावरचे पाणी नीट टिपतच नाही, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. याचे कारण बहुधा फिनिशिंगमध्ये असते. रंगाईनंतर शेवटी कापडाला सॉफ्टनर दिला जातो. सिलिकॉनच्या काही प्रकारांचा पातळ थर तंतूंवर बसतो, त्याने स्पर्श मऊ होतो, पण तोच थर पाण्याला आत शिरू देत नाही. काही धुण्यांनंतर तो थर कमी होतो आणि टॉवेल पाणी ओढू लागतो. हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही. टॉवेलचा लहान तुकडा भांड्यातल्या पाण्यावर अलगद सोडायचा आणि तो बुडायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पाणी चांगले टिपणारा तुकडा बघता बघता ओला होऊन खाली जातो. सॉफ्टनर जास्त झालेला तुकडा तरंगत राहतो, त्याच्या कडा तेवढ्या भिजतात आणि मधली पाइल, म्हणजे टॉवेलवरचे सुताचे उभे फासे, कोरडीच उभी दिसते.

आता या विषयावर दोन प्रकारे लिहिता येते. ‘दुकानदार तुमच्यापासून लपवत असलेले सत्य’ अशी सुरुवात केली, तर पोस्ट नक्की पळेल. परंतु ती सुरुवात खोटी आहे. येथे कोणी काही लपवत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर टॉवेल हाताने चाचपूनच निवडते, म्हणून खरेदीदारच कारखान्याकडे तसा स्पर्श मागतो, आणि कारखाना तो देतो. पाण्याला न अडवणारे सॉफ्टनरही बाजारात आहेत, त्यांची किंमत आणि परिणाम वेगळे आहेत. सुताचा पीळ, पाइलची उंची आणि धुलाई कशी झाली यांचाही पाणी टिपण्याशी संबंध असतो, आणि नुसते जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) जास्त म्हणजे टॉवेल लवकर पाणी टिपणारा, असे मुळीच नाही. त्याऐवजी ‘नवा टॉवेल पाणी का टिपत नाही, हे भांडेभर पाण्यावर कळते’ असे लिहिले आणि सोबत तरंगणाऱ्या तुकड्याचा फोटो दिला, तर तीही सुरुवात वाचकाला थांबवते. फरक इतकाच की तिच्यासाठी चाचणी करावी लागते, फोटो काढावा लागतो आणि मर्यादा लिहाव्या लागतात : हा निष्कर्ष कोणत्या प्रकारच्या टॉवेलचा आहे, तो धुतलेला होता की कोरा, इत्यादी. ही मेहनत टाळण्यासाठीच बहुतेक वेळा खळबळीचा आधार घेतला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा पोस्टला लाइक किती आले यापेक्षा मला एका गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते. ती वाचून रंगाई सांभाळणाऱ्या एखाद्या डाइंग मास्तरने ‘सॉफ्टनर कोणता, तापमान किती, आणि त्याआधी धुलाई पुरी झाली होती का?’ असे विचारले, तर पोस्ट योग्य माणसापर्यंत पोहोचली. तमिळनाडूतल्या करूरमध्ये आणि हरियाणातल्या पानिपतमध्येही हाच माल तयार करणारे जाणकार बसलेले आहेत आणि त्यांना थाप लगेच कळते. म्हणून लिहिताना माझ्यासमोर मला चूक ठरवू शकेल असा वाचक असतो. अशा माणसाच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यावे, त्याचा मुद्दा बरोबर असेल तर पोस्टमध्ये दुरुस्ती करून ती केल्याचे तिथेच नमूद करावे. संपादित केल्याची खूण पोस्टवर दिसते, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. गैरसोयीची कमेंट पुसून टाकणारा माणूस मात्र जाणकारांच्या मनातून कायमचा उतरतो.

वाचक वाढण्याचा एक धोका कमी बोलला जातो. यश, शिस्त, पहाटे उठणे, नोकरी सोडून धंदा करणे अशा सर्वसाधारण विषयांवर लिहिले की वाचक झपाट्याने वाढतात, परंतु ते त्याच विषयांसाठी आलेले असतात. पुढे त्यांच्यासमोर रंगाच्या पक्केपणावर लिहिले की ते थांबत नाहीत, पोस्ट फारशी पुढे सरकत नाही आणि लिहिणारा हळूहळू पुन्हा उपदेशाकडे वळतो. असे करता करता ज्या विषयात त्याला खरोखर गती आहे तो विषयच त्याच्या लेखनातून नाहीसा होतो. मला हे फार वाईट वाटते, कारण आमच्या शहरात यंत्रमागावर आणि कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांकडचे ज्ञान आधीच फारसे कागदावर आलेले नाही. त्यातले बरेचसे तेलुगू-मराठी मिश्र बोलीत, कामाच्या जागीच, तोंडी सांगितले जाते.

सोलापूरच्या माणसाने आणखी एक काळजी घ्यावी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना १९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचे संरक्षण, मिळालेले आहे, आणि इतरत्र विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार करणाऱ्या आपणच पोस्टमध्ये गणवेशापासून पडद्यापर्यंत प्रत्येक वस्तूला मानांकनाचे वलय चढवले, तर तक्रारीचे बळ उरत नाही. गणवेशाचा धंदा सोलापुरात मोठा आहे आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु मानांकन त्याचे नाही, हे सांगताना हात आखडता घेऊ नये.

‘तू माझ्या पोस्टवर कमेंट टाक, मी तुझ्या’ अशा व्हॉट्सअॅप गटांविषयी जास्त लिहीत नाही. लिंक्डइनच्या नियमांना ते धरून नाही, आणि एकाच पंधरा जणांचे ‘खूप छान माहिती’ प्रत्येक पोस्टखाली पाहिले की ऑर्डरींचे काम पाहणाऱ्या कोणत्याही अनुभवी मर्चंडायझरला प्रकार ओळखू येतो.

पैसे घेऊन केलेल्या शिफारशींचा विषय मात्र गंभीर आहे. वाचक वाढले की एखादा यंत्रविक्रेता, रसायनांचा पुरवठादार किंवा प्रशिक्षण देणारी संस्था दोन ओळी लिहिण्याची गळ घालते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका दिली. पैसे, फुकट वस्तू किंवा अन्य लाभ मिळाला असेल, तर ते वाचकाला सहज दिसेल आणि समजेल अशा भाषेत सांगावे, असा त्यांचा आग्रह आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी संबंध पहिल्या ओळीतच सांगावा असे मी म्हणेन. हॅशटॅगांच्या ढिगात तळाशी टाकलेला खुलासा वाचकाने वाचू नये याच हेतूने टाकलेला असतो.

नोकरदारांना एक व्यावहारिक सूचना. मागावरच्या मालाचा फोटो टाकण्यापूर्वी त्यात खरेदीदाराचे लेबल, डिझाइन किंवा ऑर्डरचा कागद दिसत नाही ना हे पाहावे आणि मालकांची परवानगी घ्यावी. चांगला फोटो असूनही परवानगी मिळाली नाही, तर तो टाकू नये.

राहता राहिला नुकत्याच पदविका किंवा पदवी घेतलेल्या मुलामुलींचा प्रश्न. त्यांना नोकरी हवी असते, वेळ थोडा असतो, आणि फॉलोअरचा आकडा दाखवला की मुलाखतीत वजन पडेल असे त्यांना वाटते. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून मी जे पाहिले त्यावरून सांगतो : आकड्याविषयी क्वचितच कोणी विचारते, प्रोफाइल उघडून एखाद्या पोस्टवर बोट ठेवले जाते आणि ‘हे तुम्ही स्वतः केले का? मग पाण्याचा पीएच किती होता?’ असा प्रश्न येतो. ज्याने आपल्या प्रकल्पात एकच नमुना तपासला आणि तो एकच होता असे लिहिले, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते आणि पुढची चर्चा सुरू होते. ज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ‘वस्त्रोद्योगाचे भविष्य’ लिहून घेतले, त्याच्याकडे पुढे सांगायला काही नसते. म्हणून या मुलांना माझे सांगणे असते की प्रयोगशाळेच्या वहीतले एक पान घ्यावे, त्यावर काय केले, काय निघाले आणि कुठे शंका राहिली हे साध्या शब्दांत लिहावे, आणि पोस्ट करण्याआधी ते आपल्या सरांना किंवा ओळखीच्या मास्तरांना वाचून दाखवावे.