आईला सांगू नकोस

परवापासून एकच वाक्य डोक्यातून जात नाहीये. थोरली फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, दार अर्धवट लोटलेलं, आणि मी वाळलेले कपडे घेऊन बाहेर उभी. "मला नाही आवडत इथे. पण आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल." बास, एवढंच. लगेच त्यांचं शाळेतलं काहीतरी सुरू झालं, हसायलाही लागल्या दोघी. मी कपडे तसेच परत घेऊन आले.

नक्की कशाचं वाईट वाटतंय तेच कळत नाहीये. तिला हे नवीन घर आवडलेलं नाही याचं नाही, तेवढा अंदाज होताच मला. पण माझ्यापासून लपवलं, आणि तेही माझ्याचसाठी, हे टोचतंय. नऊ वर्षांच्या पोरीने आईला का जपावं? मी रोज विचारते की तिला, झोप लागली का, आज कोणाशी बोललीस, काही हवंय का. रोज एकच उत्तर, छान चाललंय.

आणि आम्ही काही कमी केलं नव्हतं. सामान हलवायच्या आधी दोघांना आणून घर दाखवलं, तिच्या खोलीचा रंग तिनेच निवडला, निघताना जुन्या घरात प्रत्येक खोलीत जाऊन टाटा केलं. मुलांचे खोके सगळ्यात शेवटी भरले आणि इथे आल्यावर सगळ्यात आधी उघडले, आमची भांडीकुंडी कितीतरी दिवस पडून होती. तिचा पलंग तिकडे होता तसाच लावला, खिडकी उजव्या हाताला. झोपायची वेळ तीच, गोष्ट तीच. धाकट्याचं पांघरूण तर मुद्दाम धुतलं नाही, निदान वास तरी ओळखीचा राहू दे म्हणून. तो मध्यंतरी परत अंथरूण ओलं करायला लागला तेव्हा घरात सगळ्यांना बजावून ठेवलं की कोणी रागवायचं नाही, लहान मुलं अशा बदलात थोडी मागे जातात आणि बहुतेक वेळा आपली आपण परत येतात. आलाच तो. त्याचं सगळं उघडं असतं, रडतो, चपला घालून दारात बसतो, "चल आपल्या घरी" म्हणतो, जवळ घेतलं की शांत होतो. त्याला सोपं जातंय असं नाही, पण दिसतं तरी.

हिचं दिसतच नाही. म्हणजे एकदाच दिसलं होतं. रात्री बाथरूमला उठली तेव्हा अंधारात हात सवयीने दाराच्या डावीकडे गेला, भिंत चाचपली, परत चाचपली, आणि मग तसाच थांबला. इथे बटण उजवीकडे आहे आणि जरा वरही आहे. लाईट लागला तेव्हा तिचा चेहरा... जाऊ दे.

काल झोप येईना म्हणून वाचत बसले. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ताणाच्या ४३ घटनांची एक यादी केली होती, मोठ्या माणसांसाठी, प्रत्येक घटनेला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, घर बदलणं २०, शाळा बदलणं २०. म्हणजे वीसच की, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की हिच्या वाट्याला दोन्ही एकदम आलंय. आणि गॅलरीतून हाक मारली की येणारी मैत्रीण गेली त्याचं काय? शोधून शोधून 'सामाजिक वावरातला बदल' सापडला, १८ गुण. मला ते फारच कमी वाटले, कोणाशी भांडू पण!

अजून एक वाचलं. २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर असल्यासारखी जागी राहते. ती माणसं मोठी होती आणि गोष्ट पहिल्या रात्रीची होती, तरी मला सारखी हीच डोळ्यांसमोर येत होती. आमची पहिली रात्र कधीच उलटून गेली. तिचा पहारा अजून चालूच आहे का, आणि त्यात मलाही सांभाळतेय का ती?

आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना मात्र जरा वेगळं वाटलं. तिने सांगितलं की कोणालातरी. मला नाही, पण मनात दाबून तर ठेवलं नाही ना. आणि खरं सांगायचं तर तिचा अंदाजही बरोबर होता, मला वाईट वाटलंच. आता तिची काही दुःखं माझ्या हाताखालून जाणार नाहीत. हे कधीतरी होणारच होतं, घर बदललं म्हणून आत्ता समजलं. बरं नाही वाटत, पण ठीक आहे.

तिचं बोलणं ऐकल्याचं मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ती जागा तिची आहे.

संध्याकाळी तिला काही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, मला बाई जुना ओटाच बरा वाटायचा, इथला उंच पडतो, आणि इथे रात्री कसले कसले आवाज येतात, जाग येते मला. तिने वहीतून मान वर केली. थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "लिफ्टचा आवाज माझ्या भिंतीतून येतो." मग खिडकीतून झाड दिसत नाही. मग वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या आहेत. मग जिन्यातला वास. एकामागून एक यायलाच लागलं. "पण उजेड बघ ना किती आहे इथे" हे अगदी जिभेवर आलं होतं, महत्प्रयासाने गिळलं, कारण ते ऐकलं की ती परत "हो, छान आहे" म्हणणार हे आता मला माहितीये. नुसतं हं हं करत राहिले.

शेवटी म्हणाली, "पलंग पलीकडच्या भिंतीला लावायचा का? तिकडे लिफ्ट ऐकू येणार नाही." मी म्हटलं अगं पण मग खिडकी डावीकडे येईल, जुन्या खोलीसारखं नाही राहणार. तर म्हणे, "चालेल. ही ती खोली नाहीच आहे ना."

रविवारी हलवतोय. आधी कपाट सरकवावं लागेल, ते तिच्या नि माझ्याच्याने होणार नाही, ह्यांना लवकर उठवायला हवं.