25 जणांत लग्न लावलं, तेव्हा

बहिणीचं लग्न 2020 मध्ये कोरोनामुळे एकदा पुढे ढकललं होतं. 2021 च्या मे महिन्यातली तारीख धरली, ठाण्यात पाचपाखाडीला कार्यालय घेतलं, आणि 22 एप्रिलला रात्री आठपासून 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध लागू झाले. लग्नासाठी एकच हॉल, एकच कार्यक्रम, दोन तास, 25 माणसं. मोडलं तर 50 हजार दंड. आता पुन्हा ढकलायचं नाही, हे दोन्ही घरांनी ठरवलं.

25 मध्ये कोण धरायचं, हे विचारायला मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "दारातून आत येईल तो प्रत्येक जण. भटजीसुद्धा." मग दोन्हीकडचे दहा-दहा (नवरा-नवरी धरून), गुरुजी, मदतनिसाशिवाय एकटा फोटोवाला आणि कार्यालयाची तीन माणसं. विवाहनोंदणीला तीन साक्षीदार लागतात, म्हणून दोन काका आणि तिकडचा एक मामा आधीच पक्के. उरलेल्या जागांवरून घरात काय झालं ते लिहीत नाही.

चिपळूणच्या आत्याचा प्रश्न आपोआप सुटला, कारण अत्यावश्यक कारणाशिवाय जिल्ह्याबाहेर प्रवास बंद होता. "सरकारनं नाही म्हटलं ते बरं, तू म्हटलं असतंस तर लक्षात ठेवलं असतं," आत्या म्हणाली. अवघड गेले ते चरई-कोपरीतले, चालत येण्यासारखे. बाबांनी एकेकाला स्वतः फोन केला. "अहेर नको, तुम्हीही नको, आशीर्वाद मात्र फोनवर द्या."

दुसरी धास्ती सोसायटीची. पाचाहून जास्त रुग्ण झाले की सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, गेटवर बोर्ड, ये-जा बंद. आमच्याकडे तीन होते. हळद आणि ग्रहमख (लग्नाआधीची ग्रहांची पूजा) घरातल्या घरात उरकायचं होतं, त्यामुळे रोज सकाळी सेक्रेटरींना आकडा विचारणं हे माझं काम झालं. किराणा सकाळी 7 ते 11, तोही मी एकट्यानं आणायचा. केळवणं रद्द. शिंप्यानं घरी मशीन चालवून ब्लाऊज शिवला आणि वॉचमनकडे ठेवून गेला.

या सगळ्यापेक्षा मी भांडलो ते जेवणावरून. माणसं मोजली की नियम पाळला असं सगळे धरून चालले होते. पण बंद एसी हॉलमध्ये सगळ्यांचे मास्क एकाच वेळी उतरतात ते पंगतीत. त्यात शेजारी-शेजारी बसून आग्रह करायचा, मोठ्यानं हसायचं. विषाणू हवेतून पसरतो म्हटल्यावर तिथे पंचवीस काय नि पंधरा काय! पंगत नको आणि एसीही नको, खिडक्या उघडा, असं मी सांगितलं. व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, एसीचे पैसे बिलात धरलेत." धरा म्हटलं. आई मात्र अडून बसली : लग्नाला आलेला माणूस उपाशी जाणार? शेवटी तोडगा निघाला डब्यांचा. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी. मठ्ठा सांडतो म्हणून बाद. निघताना दारात प्रत्येकाच्या हातात डबा द्यायचा, घरी जाऊन जेवायचं. होम डिलिव्हरीला परवानगी होती, तेव्हा तेच डबे केटररनं चरई-कोपरीतही पोचवले. निम्मे रुसवे तिथेच विरघळले.

गुरुजींनी त्या हंगामात अशी बरीच लग्नं लावलेली असावीत. आल्या आल्या त्यांनी होमकुंडाशेजारची सॅनिटायझरची बाटली उचलून पार दाराशी नेऊन ठेवली. "यात अल्कोहोल आहे. हाताला चोळून कुणी समिधा टाकायला बसला तर हात पेटेल." म्हणून होमाला बसणाऱ्या सगळ्यांनी नळावर साबणानं हात धुतले. अक्षता हातोहात वाटायच्या नव्हत्या. प्रत्येक खुर्चीवर एक पुडी. मंगलाष्टकं मास्कमधून, त्यामुळे निम्मे शब्द मास्कमध्येच राहिले. अंतरपाट धरणारे दोन्ही मामा घामानं निथळत होते आणि एसीकडे बघत होते.

सप्तपदी चालू असताना दोन पोलीस आले. यादी मागितली, दारातूनच डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली आणि गेले. दोन तासांच्या आत कार्यालय रिकामं झालं.

पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर लगेच कळवायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फोटोवाल्याला आला. त्याची कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी होऊन रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही घरं उंबऱ्याबाहेर पडली नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला. नोंदणी तेवढी राहिली. सरकारी कार्यालयांत तेव्हा 15 टक्केच हजेरी होती, म्हणून ते जूनवर गेलं. तिन्ही साक्षीदार पुन्हा गोळा केले आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात सह्या झाल्या.