फिजिशियनचं फिटनेस आणि सात दिवसांचा केसपेपर

नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. सकाळी नेलं, दुपारी काळा चष्मा लावून घरी आणलं. त्याआधीचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर सहज एक ओळ लिहिली होती, 'फिजिशियनचं फिटनेस आणा', म्हणजे ऑपरेशनला हरकत नाही असं फिजिशियनचं पत्र. त्या ओळीपायी नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत मी किती हाफ डे टाकले ते आमच्या सुपरवायझरला विचारा.

नाना निफाड तालुक्यातले, पंचाहत्तरीला आलेले, द्राक्षबागेत हयात गेलेली. शुगर जुनी आहे. बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची एक छोटी गोळी चालू आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात इसीजी काढला तर पट्टीवर मशीननेच 'अ‍ॅबनॉर्मल' छापलं. तेवढ्यावर ते थांबले आणि आम्हाला शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात एमडी मेडिसिन झालेल्या फिजिशियन मॅडमकडे पाठवलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही.

पहिली भेट झकास झाली. केसपेपर काढला, नंबर आला, मॅडमनी नीट तपासलं, रक्ताच्या तपासण्या आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिला. म्हणाल्या, "रिपोर्ट घेऊन या, लगेच फिटनेस देते." केसपेपरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की तो सात दिवस चालतो, त्या मुदतीत रिपोर्ट दाखवायला पैसे नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण इको करणारे डॉक्टर त्या रुग्णालयात रोज नसतात. ते ठरलेल्या वारी येतात. त्यातला एक वार सुट्टीत गेला. पुढच्या वारी इको झाला, तर टाइप केलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट हातात घेऊन खिडकीवर उभा राहिलो.

"सर, केसपेपर संपलाय."

म्हटलं, इकोचे डॉक्टर तुमचे, वार तुमचा, सुट्टी तुमची, रिपोर्ट टाइप करायचा उशीरही तुमचाच. आमच्याकडून काय राहिलं?

"तुमचं बरोबर आहे सर, पण सिस्टीम घेत नाही."

मग नवीन केसपेपर द्या म्हटलं. पैशांसाठी अडायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. तर नवीन केसपेपरला नवीन अपॉइंटमेंट लागते, आणि मॅडमच्या अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यापर्यंत भरलेल्या. डोळ्याचं ऑपरेशन त्याआधी. ती तारीख गेली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नाही. नुसता कागद आत पाठवा, मॅडम दोन मिनिटांत बघतील, असं म्हटलं, तर ते 'रिपोर्ट दाखवणे'मध्ये येतं. त्याचं टोकन शेजारच्या खिडकीवर मिळतं, आणि शेजारची खिडकी चालू केसपेपर असल्याशिवाय टोकन देत नाही. मी या खिडकीवरून त्या खिडकीवर जात होतो. दोन्हीकडची मुलं अगदी नम्र होती. नम्र माणसावर ओरडताही येत नाही, हा त्यातला खरा जाच.

नाना भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून होते. समोर टीव्ही. त्यावर रुग्णालयाने आमच्याच मॅडमचा व्हिडिओ लावलेला, 'तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं'. संपला की पुन्हा पहिल्यापासून. सर्दीला अँटिबायोटिक घ्यावं का? नाही, साधी सर्दी विषाणूंची, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डेंगीचा ताप वाटला तर कोणती गोळी? पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाची भीती असते. ओआरएसची पुडी किती पाण्यात? मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धी-अर्धी करून ग्लासात नाही. बीपीची गोळी एकदा लागली की कायमची का? बहुतेकांना चालू ठेवावी लागते. बीपी नॉर्मल दिसतंय ते गोळीमुळेच, म्हणून मनाने बंद करू नका. इतक्या वेळा ऐकल्यावर मला ते पाठ झालं. सिन्नरहून आलेल्या एक मावशी शेजारी होत्या, त्याही नातीला सगळं समजावून सांगायला लागल्या. नाना मोठ्याने म्हणाले, "बाई टीव्हीत फुकट सांगतीय, अन् आत जायचं तर हे पावती मागत्यात." अख्खी रांग हसली. खिडकीतला मुलगाही हसला. टोकन काही दिलं नाही.

वाट शेवटी ओपीडीच्या दारातल्या सिस्टरनी दाखवली. कागद बघून म्हणाल्या, "डॉक्टरांनी केसपेपरवर 'रिव्ह्यू, नो चार्ज' असं लिहून सही-तारीख टाकली की काउंटर घेतं." म्हटलं, पण डॉक्टरांपर्यंत जायला टोकन लागतं ना? त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता फाइल हातातून घेऊन आत गेल्या. पाच मिनिटांत सही झालेला कागद बाहेर आला. तो खिडकीवर ठेवला, तर सकाळपासून काही न घेणाऱ्या सिस्टीमने तो गुपचूप घेतला.

म्हणून पहिलीच सूचना, मला सगळ्यात शेवटी कळलेली: तपासण्या लिहून देतानाच डॉक्टरांना सांगा, इको अमक्या दिवशी आहे, रिपोर्ट सात दिवसांत येणार नाही, केसपेपरवर आत्ताच लिहून द्या. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. त्यांना खिडकीवरचा नियम बहुधा ठाऊकच नसतो. आमच्या मॅडमना नव्हता. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

आता आतलं. आत मात्र त्या बाईंनी नानांना असा वेळ दिला की बाहेरचा सगळा राग तेवढ्यापुरता विसरलो.

बाहेर सिस्टरनी बीपी मोजलं तेव्हा लिफ्ट बंद होती, नाना दोन जिने चढून आलेले, सदऱ्याच्या बाहीवरच पट्टा बांधलेला, आणि नाना तोंडाने द्वारका चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. वरचा आकडा १७२. मॅडमनी नानांना पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर, बाही वर. पाच मिनिटं बोलायचं नाही म्हणाल्या. मग मोजलं तर १४०. बाहेरचा आकडा खोडला. घरी मोजतानाही असंच, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. नाना तंबाखूच्या शब्दाला दुसरीकडे बघायला लागले.

इसीजीबद्दल म्हणाल्या की मशीन जे छापतं ते माणसाने वाचायचं असतं. नानांच्या हृदयातल्या उजव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा आहे. या वयात तो बऱ्याच जणांत सापडतो आणि इको ठीक असेल तर डोळ्याच्या ऑपरेशनला आड येत नाही. इको ठीक होता. घरात कुठे जुना इसीजी असेल तर तो जपून ठेवा, जुन्या-नव्याची तुलना करता आली की निम्मी शंका तिथेच मिटते, असंही म्हणाल्या. नानांची जुनी पट्टी गावातल्या कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत निघाली, ऑपरेशन झाल्यावर.

शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.८ आली. मी घाबरलो, कारण ६.५ च्या पुढे डायबेटिस एवढंच माहीत. मॅडम म्हणाल्या, तो आकडा आजार ओळखण्यासाठी. या वयात ओढून-ताणून तिथपर्यंत खाली आणायला गेलो तर शुगर एकदम उतरून चक्कर येऊन पडतील, त्यापेक्षा हे बरं. मग नानांनी मनातला प्रश्न काढला, "द्राक्षं?"

"मूठभर खा बाबा. रस नको. बेदाणे तर मोजून दोन-चार, त्यात पाणी उडून साखर दाटलेली असते."

"बागेत गेल्यावर कोण मोजतं?"

"तुम्ही नका मोजू. मी तीन महिन्यांनी मोजतेच आहे."

रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनआधी बंद करायची, असं गावात दोन-तीन जणांनी छातीठोक सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, मोतीबिंदूसाठी ती बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही, आणि मनाने थांबवली तर हृदयाला धोका. पण खरी कामाची गोष्ट प्रोस्टेटच्या गोळीची निघाली. टॅम्सुलोसिन बघताच त्यांनी लाल पेनाने खूण केली. ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा सैल पडतो. गोळी आयत्या वेळी बंद करून उपयोग नाही, पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीनिशी उतरतो. डोळ्यांच्या दवाखान्याच्या फॉर्मवर बीपी, शुगर, दमा यांचे रकाने होते, हा नव्हता. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर स्वतःहून सांगा.

गुडघ्यासाठी नाना आठवडे बाजारातून आणायचे त्या पुडीचं मीच सांगून टाकलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बागेला औषध मारायला मी दांडी मारली होती. मॅडम रागावल्या नाहीत. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा वेदनाशामक किंवा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणाल्या. स्टिरॉइडने शुगर आणि बीपी चढतं, वेदनाशामक किडनीवर येतं, आणि स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेलं तर मोतीबिंदूही लवकर होतो. पण रोजची असेल तर एका झटक्यात तोडू नका, आधी मला सांगा, हेही बजावलं. नाना अधूनमधून घेत होते, म्हणून बंद झाली. किडनीची तपासणी आधीच लिहिलेली होती, ती ठीक आली.

फिटनेस अखेर मिळालं. 'स्थानिक भुलीखाली शस्त्रक्रियेस हरकत नाही', लेटरहेडवर. पण डोळ्यांच्या दवाखान्याला सहीसोबत गोल शिक्का लागतो, आणि शिक्का कुठे, तर त्याच खिडकीच्या ड्रॉवरमध्ये. या वेळी त्या मुलाने काही न विचारता उमटवला. निघण्याआधी लेटरहेड, सही, तारीख, नोंदणी क्रमांक, शिक्का सगळं तिथेच बघून घ्या. त्यासाठी पुन्हा द्वारका ओलांडायची वेळ शत्रूवर येऊ नये.

ऑपरेशनच्या सकाळी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, तेही मी त्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं. बीपीची घोटभर पाण्याबरोबर, शुगरची खायला परवानगी मिळाल्यावरच. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी तो कागद बघून बाकी काही विचारलंच नाही.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही, पाणी चालतं. नानांचा बिनसाखरेचा चहा मी लॅबच्या दारात अडवला. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, नेहमीच्या गोळीसकट. तीन महिन्यांच्या सरासरीला उपाशी राहावं लागत नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. डोळ्यांचा दवाखाना महिन्याच्या आतलंच फिटनेस धरतो, म्हणजे केसपेपर नवीन लागणार. इको पुन्हा नको, नवीन त्रास नसेल तर शुगर-बीपी पुरे, हे मॅडमकडून आधीच लिहून घेतलंय.