फुलदाणी चिनी की जपानी? माझा अनुभव

आत्याकडून माझ्याकडे एक फुलदाणी आली, वीतभर उंचीची, तांब्यावरच्या मीनाकारीची. क्लॉइझोने म्हणतात ते काम, म्हणजे बारीक तारा उभ्या चिकटवून कप्पे करायचे, त्यात रंगीत काचेची पूड भरून भाजायचं, वितळली की पूड खाली बसते म्हणून परत भरायचं, परत भाजायचं, शेवटी घासून सपाट करायचं. वर ड्रॅगन आहे म्हणून घरात सगळे कायम "चिनी फुलदाणी"च म्हणायचे, मीही तेच धरून चाललो होतो.

एका डीलरला फोटो पाठवले, त्याने दोन मिनिटांत सांगून टाकलं की चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळातली आहे. जाम खूश झालो, खोटं कशाला बोलू! पण मिंग म्हणजे 1644 च्या आधीची, आणि माझ्या फुलदाणीवरच्या फुलांचा गुलाबी रंग भिंगाखाली एकसारखा दिसत होता. मिंग कामात गुलाबी हवा तर लाल आणि पांढरे कण मिसळायचे, ते भिंगाने वेगवेगळे दिसतात, आणि सोन्यापासून केलेला सलग गुलाबी चीनमध्ये 18 व्या शतकात आला. झालं, मिंग कटाप.

मग ड्रॅगनची नखं मोजली. तीन. तीन म्हणजे जपानी, पाच म्हणजे चिनी असं सगळे सांगतात, पण चिनी ड्रॅगनलाही तीन नखं सापडतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावण्यात अर्थ नाही.

खरी मजा टॉर्च आत मारल्यावर आली. तांबं आणि काच तापल्यावर कमीजास्त पसरतात म्हणून आतूनही मीना द्यावा लागतो, नाहीतर बाहेरचा तडकतो. चिनी भांड्यांत हा आतला रंग बहुतेकदा फिरोजी असतो. माझ्यात गडद निळा, आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, जपानी भांड्यांत असतो तसा. तळाशी एक पांढरट कडंही होतं, ते कसलं काही कळेना.

बाहेर काही कप्प्यांत तपकिरी डाग होते, मला वाटलं गंज, ओल्या कापसाने घासतोय घासतोय, जाईचना. (नशीब कापूसच होता, पितांबरी नाही.) उजेडात तिरकं धरलं तर ते चमचमायला लागले! तो गोल्डस्टोन निघाला, म्हणजे आत तांब्याचे बारीक स्फटिक असलेली काच, जपानी कारागिरांची आवडती. तोंडाची कड पण चंदेरी, चिनी कामात ती बहुतेकदा सोनेरी मुलाम्याची असते.

बुडाला शिक्का नाही. 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायचं, पण माल दुसरीकडे गेला असेल किंवा नुसतं कागदी लेबल असेल तर? आणि उलट मिंग बादशहाच्या नावाचे शिक्के नंतरच्या मालावर सर्रास मारलेले आहेत. म्हणून शिक्क्याच्या नादी मी लागलोच नाही.

जपानमध्ये ही कला नव्याने उभी केली ती नागोयाकडच्या काजी त्सुनेकिची यांनी, 1833 च्या सुमारास, बाहेरून आलेलं एक भांडं चक्क तोडून ते कसं केलंय ते बघितलं असं सांगतात. पुढे गॉटफ्रिड वागेनर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मदतीने रंग सुधारले आणि आरशासारखी मोकळी पार्श्वभूमी जमायला लागली. माझीची पार्श्वभूमी मंद आहे आणि मोकळी जागा सगळी तारेच्या वेलबुट्टीने भरलेली, म्हणजे आधीची पद्धत. म्हणून माझा अंदाज नागोया भाग, 1870-80 च्या आसपास, आणि नंतर ज्या तज्ज्ञ बाईंनी फुलदाणी प्रत्यक्ष हातात घेऊन बघितली त्यांनीही जवळपास तेच सांगितलं.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "जपानी का असेना, पण पाणी घालू नकोस हं त्यात, आम्ही वर्षानुवर्षं निशिगंध ठेवायचो, कडं पडलंय बघ आत."