तुम्ही विचारलंत म्हणून: सहा आठवडे झाले, कोडिंग कधी?

"सर, सहा आठवडे होत आले, कोडिंग कधी सुरू होणार?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. पालक तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारतात: फी प्रोग्रामिंगची भरली आणि पोरगा वहीत चौकोन काढून राहिला, हा कसला ऑनलाइन कोर्स? कोर्सचं नाव 'प्रोग्रामिंग लॉजिक अँड डिझाइन' आहे आणि त्यात 'प्रोग्रामिंग' पहिलं येतं, हे मान्य. आता बाकीचं ऐकून घ्या.

पूर्वी मी याचं उत्तर 'आधी पाया, मग इमारत' असं द्यायचो. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारायचा. ते उत्तर आता देत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने सुरुवात करूनही पाया घालता येतो, तसे कोर्स चालतात, आणि बरे चालतात.

या सहा आठवड्यांत काम कागदावरच: फ्लोचार्ट, म्हणजे पायऱ्यांचं चौकोन-बाणांचं चित्र, आणि सुडोकोड, म्हणजे त्याच पायऱ्या कुठल्याही एका भाषेत न अडकता साध्या शब्दांत लिहिलेल्या. त्यातून शिकवायच्या रचना तीनच: एकापाठोपाठ एक पायऱ्या, अट पाहून दोनपैकी एक वाट, आणि अट टिकून आहे तोवर तेच पुन्हा. कोराडो बोम आणि जुझेप्पे याकोपिनी या संगणकशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच सिद्ध केलंय की कोणताही अल्गोरिदम (उत्तर काढायची पायऱ्यापायऱ्यांची रीत) या तिघांत मांडता येतो. तीन गोष्टींना सहा आठवडे कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. तर त्या समजायला एक तास पुरतो. आपण लिहिलेलं नेमकं काय करतंय हे स्वतः तपासायची सवय लागायला मात्र सहा आठवडेही कमी पडतात.

नागपूरचं आठवडाभराचं तापमान घ्या आणि त्यातलं सर्वांत जास्त शोधा. बहुतेकजण 'कमाल = ०' असं लिहून सुरुवात करतात आणि पुढचा आकडा मोठा निघाला की कमाल बदलतात. मे महिन्यातले ४३, ४५, ४४ घातले, उत्तर ४५. छान. आता त्याच धर्तीवर सर्वांत कमी तापमान शोधायला सांगा. 'किमान = ०' लिहिलं जातं, डिसेंबरच्या रात्रीचे १२, ९, ११ घातले जातात, आणि उत्तर येतं ०. आपल्याकडे पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे एकही आकडा ० पेक्षा लहान ठरत नाही आणि सुरुवातीचा शून्यच उत्तर म्हणून बाहेर पडतो. मुळात कमालचा प्रोग्रामही चुकलेलाच होता, नागपूरच्या उन्हाळ्याने त्याला सांभाळून घेतलं इतकंच. लेहच्या जानेवारीतल्या रात्री घाला, तोही ० सांगेल. यावर उपाय असा की पहिला आकडा लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) बाहेर वाचायचा, तोच कमाल आणि तोच किमान धरायचा, आणि लूप दुसऱ्या आकड्यापासून चालवायचं. यात भाषेचा संबंध कुठे आला? पायथन असो, सी असो, जावा असो, चूक तीच आणि उपायही तोच.

अशी चूक ट्रेस टेबलमध्ये सापडते. वहीचं पान आडवं धरा. प्रत्येक व्हेरिएबलला (कमाल, किमान अशा किंमत बदलणाऱ्या नावाला) एक रकाना, प्रत्येक अटीला एक, शेवटचा रकाना आउटपुटचा. एक ओळ चालली की एक आडवी ओळ भरा. जुनी किंमत खोडू नका, नवी तिच्याखाली लिहा. आणि प्रोग्रामने काय करायला हवं ते मनातून काढून टाका, कागदावर जे लिहिलंय तेवढंच करा. ही शेवटची अट सर्वांत जड जाते. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांच्या क्रेटची वजनं वाचायची, -१ आलं की थांबायचं, सरासरी काढायची, असा एक सराव आहे. २०, २२, १८ ची सरासरी २० यायला हवी, पण पुष्कळांची १४.७५ येते. वाचन लूपच्या आत आणि बेरीज त्याच्या लगेच खाली असल्यामुळे ते -१ सुद्धा बेरजेत जातं आणि क्रेट म्हणून मोजलं जातं: ५९ भागिले ४. पहिलं वाचन लूपच्या आधी आणि पुढचं लूपच्या अगदी शेवटच्या ओळीत ठेवलं की प्रश्न मिटतो. पण हीच मुलं टेबल भरताना शेवटच्या ओळीत निवांतपणे बेरीज ६० आणि क्रेट ३ लिहितात, कारण उत्तर २० असायला हवं हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

आता वीजबिलाचा किस्सा. कोर्सचं सगळं भांडण त्यात आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

असाइनमेंट अशी: १०० युनिटपर्यंत ५ रुपये, १०१ ते ३०० या युनिटना १०, त्यापुढच्यांना १५. पहिले दोन टप्पे महावितरणच्या घरगुती बिलातले, दर हिशेबाला सोपे म्हणून घेतलेले. आधी फ्लोचार्ट काढायचा, मग सुडोकोड लिहून जोडीदाराला द्यायचा, जोडीदाराने तो त्याला येणाऱ्या भाषेत ओळीला ओळ उतरवायचा, काहीही न बदलता. एका जोडीतला मुलगा पायथनचा क्लास करून आलेला, त्याची जोडीदार पॉलिटेक्निकमधून सी शिकलेली. त्याचा सुडोकोड असा: युनिट <= १०० असेल तर बिल = युनिट × ५. नाहीतर, १०० < युनिट <= ३०० असेल तर बिल = ५०० + (युनिट - १००) × १०. नाहीतर बिल = २५०० + (युनिट - ३००) × १५.

व्हिडिओ कॉलवर दोघांनी आपापला प्रोग्राम चालवला. ५० युनिटला दोघांचं २५०. २०० ला दोघांचं १५००. ४५० ला त्याचं ४७५०, तिचं ४०००. मग सुरू. तो म्हणे तू चुकीचं टाइप केलंस, ती म्हणे तुझ्या ओळीला ओळ उतरवली आहे. दोघांनी स्क्रीन शेअर केली, अक्षर न अक्षर जुळत होतं. "सर, पायथनमध्ये बरोबर येऊन राहिलं न, म्हणजे सी च बिघडलं आहे!"

सी बिघडलेलं नव्हतं. पायथन '१०० < युनिट <= ३००' हे आपण गणितात वाचतो तसंच वाचतं: दोन्ही अटी एकदम खऱ्या हव्यात. सी आधी '१०० < युनिट' तपासतं. ते खरं, म्हणून त्याचं उत्तर १ (सी मध्ये खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०). मग १ <= ३०० आहे का? आहेच. पहिली अट खोटी ठरली असती तरी ० <= ३०० झालं असतं. म्हणजे सी मध्ये ही अट कधी खोटी होतच नाही, तिसऱ्या टप्प्यापर्यंत कुणी पोचत नाही, आणि ४५० युनिटवाल्याचं बिल ७५० रुपयांनी कमी येतं. कंपायलरचे (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचे) इशारे चालू नसतील तर प्रोग्राम मुकाट चालतो.

माझं म्हणणं असं होतं, आणि आहे, की 'नाहीतर'मध्ये शिरलो तेव्हाच युनिट १०० पेक्षा जास्त आहेत हे ठरलेलं असतं. '३०० पर्यंत आहेत का?' एवढंच विचारायचं. फ्लोचार्टच्या डायमंडमध्ये, म्हणजे अटीच्या तिरक्या चौकोनात, एकच प्रश्न मावतो, त्याला हो आणि नाही अशा दोनच वाटा. प्रामाणिकपणे चित्र काढलं असतं तर ही अट लिहिलीच गेली नसती. त्याच्या फ्लोचार्टमध्ये मात्र तीच लांब अट डायमंडात कोंबलेली होती. म्हणजे प्रोग्राम आधी, चित्र नंतर. मी गुण कापले.

त्याने विचारलं, "उत्तर बरोबर आहे, तर लॉजिक चूक कसं?" आणि इथे माझी बाजू लंगडी पडते. पायथनमध्ये त्याची अट वैध होती आणि उत्तर अचूक होतं. फार तर तो एक प्रश्न गरज नसताना विचारत होता. त्याला गुण सीच्या नियमामुळे गमवावे लागले, आणि भाषा शिकवत नाही असं सांगणाऱ्या कोर्समध्ये. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. त्याच्या जोडीदारणीने कोर्स पुरा केला.

तुमच्या बाजूचं आणखीही काही खरं आहे. फ्लोचार्ट एका पानापुरताच कामाचा. फंक्शन (पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) आणि अॅरे (एका नावाखालची किमतींची यादी) आले की बाण एकमेकांत गुंततात, तेव्हा तो सोडून सुडोकोडवर यावं लागतं. आम्ही तो गरजेपेक्षा एक-दोन आठवडे जास्त ओढतो, असं मलाही वाटतं. फ्लोगोरिदमसारखं फुकटचं साधन फ्लोचार्ट चालवूनही दाखवतं, पण ते विंडोजचं. मोबाइलवर कोर्स करणाऱ्याला कागदाचा फोटोच पाठवावा लागतो. आणि एआय? सुडोकोड तो क्षणात लिहून देतो, टेबलही भरून देतो. म्हणून हल्ली रोल नंबरचे शेवटचे दोन अंक इनपुट म्हणून देतो आणि कॉलवर विचारतो: लूपच्या चौथ्या फेरीनंतर काउंटर (मोजणीचा आकडा) किती होता, आणि का? 'का'पाशी खरं-खोटं बऱ्यापैकी कळतं. नेहमीच कळतं असं म्हणणार नाही.

ज्यांना दम निघत नाही त्यांनी आजच पायथन उतरवून घ्यावं, कुणी अडवलेलं नाही. फक्त चालवायच्या आधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहा, आणि चाचणीला सीमेवरचे आकडे घ्या: ०, १००, १०१, ३००, ३०१. मधले सोयीचे आकडे चुकलेल्या प्रोग्राममधूनही सुखरूप बाहेर येतात.

डायमंडमध्ये दोन प्रश्न घातले तर गुण कापायचे की नाही, ते या बॅचसाठी अजून ठरवलेलं नाही. सध्या शेरा लिहितो आणि तोच प्रोग्राम सी मध्ये ४५० युनिटवर चालवून पाठवायला सांगतो.